चांदीचो मुलामो

म्हापशात माझं छोटंसं दुकान आहे. समया-निरांजनांना पॉलिश, मुलामा, शाळांच्या ट्रॉफींवर नावं कोरणं. शुक्रवारचा बाजार, त्यात चतुर्थी तोंडावर. समयांची नुसती रास पडली होती. अशात सावंतवाडीकडचे एक म्हातारे काका आले आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी काउंटरवर मेडल ठेवलं.

“बाय, ह्येका चांदीचो मुलामो मारून व्हयो.”

ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धाचं. एका अंगाला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या अंगाला उघडाबोडका घोडेस्वार, बाजूला १९१४ आणि १९१८. खाचांत हिरवा कळंक. मी आधी पाहिलेली सगळी चांदीची होती, हे तांबूस. काकांच्या चुलत घराण्यातलंही चांदीचंच, कारण तो आजा मराठा पलटणीत. यांच्या आज्याचं मेडल मात्र ‘खोटं’, अशी वाडीत तीन पिढ्या थट्टा.

भिंग लावलं. ओतीव नकलेवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, इथे एकही नव्हतं. कडेवर नंबर, नाव, सगळं ठशाने ठोकलेलं. शेवटचा शब्द ‘लेबर’. पुढचं झिजलेलं.

मग आठवलं. जुनी नाणी जमवणारं एक गिऱ्हाईक मागे सांगून गेलं होतं, की हेच मेडल ब्राँझमध्येही काढलं होतं, सुमारे १,१०,००० नग. लढणाऱ्यांना चांदीचं, चिनी, माल्टी आणि हिंदी मजूर तुकड्यांना ब्राँझचं. ठसा तोच, आकार तोच, ३६ मिलिमीटर. इतकी कंजुषी फक्त सरकारलाच सुचते.

“काका, हे अस्सल आहे. आणि मुलामा मी मारणार नाही. त्याआधी बफवर घासावं लागतं, त्यात कडेचं नाव जाईल.”

नाव कुठे आहे ते त्यांना ठाऊकच नव्हतं. भिंगाखाली मी एकेक अक्षर वाचून दाखवलं. ‘लेबर’वर ते थांबले.

“म्हणजे आजो शिपाय नाय?”

“नाही. मजूर तुकडीत होता.”

बराच वेळ ते कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मागे समया घेऊन दोघं खोळंबले होते, पण मी काही बोलले नाही.

“हमाल तर हमाल,” काका म्हणाले. “गेललो मां?”

साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून दिलं. पैसे विचारले, मी नको म्हटलं. रुमालाची गाठ मारून ते मिरच्यांच्या बाजाराकडे वळले.