तुम्ही विचारलंत म्हणून: वजन उतरलं की प्रोस्टेटही उतरतं का?

मूत्रविकारांच्या डॉक्टरला हा प्रश्न चुकत नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर येतो, त्यात ‘प्रोस्टेट ५० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं आणि पाठोपाठ विचारणा होते, “डॉक्टर, १० किलो वजन कमी केलं तर हे ५०चं ३० होईल ना?”

होणार नाही. तरीही वजन कमी कराच, असं मी बहुतेक सगळ्या स्थूल पेशंटना सांगतो. त्यांना वाटतं, डॉक्टर नेहमीचं पुराण लावतोय. तसं नाही.

प्रोस्टेट (पुरुषांमधली एक ग्रंथी) मूत्राशयाच्या तोंडाशी असतं आणि मूत्रनलिका त्याच्या मधून जाते. तरुणपणी त्याचं वजन २० ग्रॅमच्या आसपास. पुढे ते वाढतं. पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीनंतर दहातल्या आठनऊ जणांत. हा कर्करोग नव्हे, आणि त्याचं कर्करोगात रूपांतरही होत नाही. या वाढीचा लठ्ठपणाशी संबंध आहे, हे मात्र खरं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वार्धक्यविषयक दीर्घ अभ्यासातून २००६मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) एका अंकानं जास्त असला तर प्रोस्टेट सरासरी ०.४१ घन सेंटिमीटरनं मोठं आढळलं. बीएमआय ३५च्या वर असेल तर ते वाढलेलं असण्याची शक्यता साडेतीन पट.

आता हाच हिशेब उलटा करू. मध्यम उंचीच्या माणसाचं वजन १० किलोनं घटलं की बीएमआय साधारण साडेतीन अंकांनी उतरतो. चढताना जेवढं वाढलं तेवढंच उतरताना कमी होतं असं समजलं (आणि शरीर इतकं सरळ वागत नाही), तरी प्रोस्टेट जेमतेम दीड घन सेंटिमीटरनं, म्हणजे दीडएक ग्रॅमनं घटेल. खास प्रोस्टेट लहान करण्यासाठी दिलं जाणारं फिनास्टेराइडसुद्धा सहा महिने, वर्षभर घेतल्यावर वीसपंचवीस टक्केच घट करतं.

पण मुळात त्रास आकाराचा असतो का? ८० ग्रॅमचं प्रोस्टेट घेऊन रात्रभर शांत झोपणारे पुरुष मी पाहतो, आणि ३० ग्रॅमवाल्याची लघवी तुंबून त्याला नळी घालावी लागलेलीही पाहतो. त्रास मोजायला आम्ही जी प्रश्नावली वापरतो तिच्यात सात प्रश्न आणि ३५ गुण असतात. सातपर्यंत सौम्य, आठ ते १९ मध्यम, त्यापुढे तीव्र. त्या सातांत आकाराबद्दल एकही प्रश्न नाही. चार प्रश्न लघवी नीट बाहेर पडते का याचे आहेत: धार बारीक आहे का, जोर करावा लागतो का, मध्येच थांबते का, करून आल्यावरही शिल्लक वाटते का. उरलेले तीन लघवी साठवून धरण्याचे: वारंवार जावं लागणं, लागली की दम न धरवणं, रात्री उठावं लागणं. वजनाचा हात मुख्यतः या तिघांवर चालतो.

त्यातही रात्र. रात्री तीनचारदा उठणारा माणूस सगळा दोष प्रोस्टेटला देतो आणि शेजारी झोपणारीला मात्र त्याचं घोरणं ऐकू येत असतं. गळ्याभोवती चरबी साठलेल्या माणसाचा श्वास झोपेत अडतो. अडलेला श्वास ओढताना छातीत उलटा दाब तयार होतो आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झालंय अशी हृदयाची समजूत होते आणि ते एक संप्रेरक सोडतं. मूत्रपिंडं इमानेइतबारे जास्त लघवी तयार करतात. म्हणजे मूत्राशय खरोखरच भरलेलं असतं, प्रोस्टेट बिचारं फुकट बदनाम होतं. वजन उतरलं की श्वास अडणं कमी होतं आणि उठणंही. पायांवर दिवसभर साठलेली सूज आडवं झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे जाते, तिचंही असंच. रक्तातली साखर खूप वाढलेली असेल तर ती लघवीत उतरताना पाणी सोबत ओढून नेते. म्हणून कुणी रात्रीच्या लघवीची तक्रार सांगितली की मी घोरण्याबद्दल विचारतो. प्रोस्टेटचा डॉक्टर घोरण्याची चौकशी करतोय, हे पाहून लोक चमकतात.

दिवसाचा त्रास थोडा वेगळा. पोटाचा घेर मूत्राशयावर सतत भार टाकतो. खोकताना, वाकताना, जिने चढताना तो जाणवतो. दुसरी गोष्ट दिसत नाही. स्थूलपणात रक्तातलं इन्सुलिन चढं राहतं आणि शरीराची ‘सावध’ असलेली मज्जासंस्था ताणलेली राहते. प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू असतात, ते या ताणानं आवळले जातात. टॅम्सुलोसिनची गोळी हेच स्नायू सैल करते, प्रोस्टेटचा आकार तिनं बदलत नाही. तेव्हा वजन उतरून हा ताण कमी झाला, तर आकार तेवढाच राहूनही धार सुधारू शकते.

पुरुषांबाबतचा पुरावा स्त्रियांइतका भक्कम नाही, हेही सांगायला हवं. तरी टाइप २ मधुमेह असलेल्या स्थूल व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या ‘लुक अहेड’ या मोठ्या अभ्यासात, आहार-व्यायामाचा कडक कार्यक्रम पाळणाऱ्या पुरुषांत नकळत लघवी होण्याचा त्रास वर्षभरानंतर नुसतं मार्गदर्शन मिळालेल्यांपेक्षा बराच कमी होता. शक्यतेच्या हिशेबात ३८ टक्क्यांनी. आणि नियमित चालणाऱ्यांना हे त्रास कमी होतात, हे तर वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

गंमत अशी की डाएट सुरू केल्यावर काही जणांची तक्रार आधी वाढते. भूक मारायला दिवसभर पाण्याची बाटली तोंडाला, वर चार कप ग्रीन टी किंवा काळी कॉफी. कॅफिन मूत्राशयाला डिवचतं, मग दुसरं काय होणार? खाणं कमी झालं की बद्धकोष्ठ होतो आणि भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं. ‘चरबी जाळणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत उत्तेजक द्रव्यं असू शकतात, आणि ती नेमके तेच स्नायू आवळतात जे आम्ही सैल करायला धडपडतो. अशा गोळ्या माझ्यापुढे आल्या की मी त्या बंद करायला लावतो, वाद घालत नाही. मधुमेहाची काही नवी औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांनी वजनही घटतं आणि लघवीही वाढते. ती मात्र आपल्या मनानं थांबवू नयेत.

पीएसएची (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची) तपासणी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. स्थूल माणसात रक्ताचं एकूण प्रमाण जास्त असतं, त्यामुळे पीएसए पातळ होऊन आकडा थोडा कमी दिसतो. बरंच वजन उतरल्यावर तो किंचित वर सरकू शकतो. तेवढ्यानं घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. दोन रिपोर्टांच्या मधे किती किलो गेले, ते डॉक्टरांना सांगावं. स्थूलपणानं प्रोस्टेटचा कर्करोग होतोच असं नाही, मात्र झालेला कर्करोग उग्र निघण्याचं प्रमाण स्थूल पुरुषांत अधिक दिसतं. तेव्हा कमी दिसणाऱ्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं.

आणि हे सगळं ठरवून कमी केलेल्या वजनाबद्दल. खाणंपिणं तेच असताना वजन आपोआप घटतंय, सोबत लघवीतून रक्त जातंय किंवा पाठीचं, कंबरेचं हाड ठणकतंय, तर वाट पाहू नका, तपासून घ्या. लघवी पूर्ण तुंबली असेल किंवा लघवीच्या त्रासाबरोबर थंडी वाजून ताप आला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.