जिजीच्या हाताला कुठला खडू

मे महिन्यात अमळनेरला दुपारी बारा ते पाच कुणी काही करायचं नसतं. कूलरमध्ये पाणी भरायचं, दारं लोटून घ्यायची आणि फरशीवर पडून राहायचं, बस. पण यंदा भाची अमेरिकेतून आलीये, सोबत तिची बालवाडीच्या वयाची लेक, आणि त्या पोरीला हे पडून राहणं कुणी शिकवलेलंच नाही. सगळे आडवे झाले की ती पुस्तकांची पिशवी ओढत माझ्याकडे येते. मला दुपारची झोप लागत नाही हे तिने बरोबर ओळखलंय.

सगळी चित्रांची पुस्तकं, जाड गुळगुळीत कागदाची, एकाची मागची किंमत बघून मी ते गपचूप हात पुसून धरलं. आणि निम्मी तरी एकाच विषयावरची. आईचा रंग असा, बाबांचा तसा आणि माझा मधला. कारण पोरीचा बाप जॉर्जियाचा, काळा अमेरिकन, आणि भाची आमच्यासारखी, म्हणजे बायोडाटात निमगोरी आणि प्रत्यक्षात सावळी. ती तिकडे लायब्ररीत मुलांच्या विभागात आहे, त्यामुळे हा माल घरात येतच राहतो म्हणे.

दोन वाचली, तिसऱ्याला मला कंटाळा आला. साचा ठरलेला. शाळेत कुणीतरी काहीतरी बोलतं, पोर हिरमुसतं, मग आई नाहीतर आजी मांडीवर घेऊन सांगते की तू दालचिनी, तू मध, ती शेजारची चॉकलेट, आणि शेवटच्या पानावर सगळेच सुंदर. आता माझी एक खोड आहे, शेवटच्या पानावर कुणी मला सुंदर म्हणायला लागलं की मी सावध होते. आणि माणसाला खाऊची नावं कशाला? आमच्याकडेही होतंच की हे, आमच्या धाकट्या मावशीला अख्खी गल्ली 'तवा' म्हणायची. तवा खात नाहीत हे मान्य, पण आहे स्वयंपाकघरातलाच. मावशीला कुणी मांडीवर घेऊन काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. ती उलट्या शिव्या द्यायची आणि फार सुंदर द्यायची.

मला आठवतात त्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या सकाळी. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा भल्या पहाटे चुलीवर रटरटायचा, लसूण, तीळ, तिखट घातलेला, त्याचा तो किंचित आंबूस वास सगळ्या वाड्यात, आणि मग गच्चीवर जुनी धोतरं अंथरून बायका पाण्याचा हात लावून भराभर बिबड्या थापायच्या. दहा वाजेपर्यंत थापून मोकळ्या, खाली निघून जायच्या, आणि कावळ्यांपासून राखायला आम्ही पोरी. पोरं नाही, पोरी. जिजी, म्हणजे माझी आई, जिन्यातून ओरडायची, "सावलीमा बठा वं, कायी पडी जाशात!" आणि त्याच दमात, की एक जरी बिबडी कावळ्याने नेली तर बघा. गच्चीवर सावली कुठली? आम्ही अर्धवट वाळलेल्या बिबड्या काठाकाठाने उचकटून शेंगदाण्यांबरोबर खायचो, तेवढंच काय ते सुख. संध्याकाळी त्याच जिजीच्या हातची साय आणि बेसन तोंडाला, आणि घासणं असं की तोंड रंगापेक्षा घासण्यानेच लाल व्हायचं. फेअर अँड लव्हली १९७५ सालीच बाजारात आली होती पण आमच्याकडे ती बरीच नंतर पोचली, मोठ्या बहिणीचं बघायला सुरुवात झाली तेव्हा. तिच्या नावातलं फेअर गेलं २०२० साली. तोवर आमच्या घरातल्या सगळ्या पोरींची लग्नं उरकली होती.

तर पुस्तकं. भाचीला मी म्हटलं, बाई, तुमची ही पुस्तकं फारच शहाणी आहेत, जरा वात्रट काही नाही का? मग तिने सशांची गोष्ट सांगितली. १९५८ साली गार्थ विल्यम्स नावाच्या चित्रकाराचं एक पुस्तक आलं, एक पांढरा ससा, एक काळा ससा, दोघं दिवसभर खेळतात, कानात पिवळी फुलं खोचतात आणि लग्न करतात. संपलं. पुढच्या वर्षी अलाबामात यावरून केवढा गदारोळ, काळ्या सशाने पांढरीशी लग्न केलंच कसं! तिथल्या राज्य ग्रंथालयाच्या प्रमुख एमिली रीड यांनी ते उघड्या कपाटातून आत हलवलं, पण मागणाऱ्याला देणं काही थांबवलं नाही. चित्रकार बिचारा म्हणाला की पांढऱ्या केसांची जनावरं गोऱ्या माणसांच्या नात्यात लागतात हे मला माहीतच नव्हतं. मी इतकी हसले की बाजूला झोपलेला भाऊ उठून बसला. भाची मात्र हसली नाही. म्हणाली, मावशी, १९६७ ला सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली तेव्हाही सोळा राज्यांत काळ्या-गोऱ्यांचं लग्न कायद्याने बंद होतं, त्यात आमचं जॉर्जिया पण.

मला त्या पिशवीतलं आवडलेलं पुस्तक वेगळंच निघालं. एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे', १९६२ चं. लाल कोट घातलेला काळा पोरगा बर्फात खेळतो, घरी येतो, अंघोळ करतो. तो काळा आहे हे पुस्तकात कुणी कुणाला सांगत नाही, मांडीवरबिंडीवर कुणी घेत नाही. बर्फ मी जन्मात हातात धरला नाही पण खिशात ठेवलेला बर्फाचा गोळा घरी आल्यावर नाहीसा झाला की कसं वाटत असेल ते कळतं ना. आणि गंमत म्हणजे त्याच १९६२ साली क्रेयोलावाल्यांनी त्यांच्या 'फ्लेश' नावाच्या खडूचं नाव बदलून 'पीच' केलं. आम्ही तर त्याच्या कितीतरी नंतर शाळेत एकमेकींना "ए, स्किन कलर दे ना" म्हणत तो गुलाबीसर खडू मागायचो आणि सावित्रीबाईंपासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना तोच फासायचो.

पोरीकडे आता त्याच कंपनीची चोवीस रंगांची पेटी आहे, सगळे कातडीचेच रंग, मेकअपच्या शेड करणाऱ्या केमिस्टला हाताशी धरून २०२० साली काढलेली. तिने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढायला घेतलं. प्रत्येकाच्या हाताला खडू टेकवून बघायचा, जुळला की तो वेगळा काढून ठेवायचा, एकदम शिंप्याच्या गंभीरपणाने. भावाचा जुळला, माझा दोन शेडच्या मध्ये आला. जिजीपाशी मात्र गाडी अडली. जिजीच्या मनगटाला एक खडू, बांगड्या सरकवल्या की खाली दुसरा, ब्लाउजची बाही वर केली तर तिसराच, गव्हाच्या पिठासारखा उजळ, जिजी ऐंशीच्या पुढची असून. त्यात कोपराखाली हिरवं गोंदण. पोरगी खडू घेऊन नुसती बघत बसली. जिजी म्हणाली, "आते कोन देखस मना रंग!" पण बाही तिने खाली घेतली नाही. बराच वेळ तशीच धरून ठेवली.

शेवटी जिजी चित्रात पट्ट्यापट्ट्यांची झाली आणि आम्हा सगळ्यांत तीच उठून दिसते.

जावयाचा खडू पेटीच्या टोकाकडचा. तो आलेला नाही, पण आठवणीनं काढला. जिजीला तो आवडतो, व्हिडिओ कॉलवर त्याला ती अहिराणीत ओरडते आणि तो येस येस करतो. लग्न ठरलं तेव्हा तिने रंगाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एवढंच विचारलं होतं, "त्यासनी जात कोनती?" भाची म्हणाली त्यांच्यात नसते. जिजीने थोडा विचार केला आणि म्हणाली, मग चालेल.

पारोळ्याच्या जावयाला जात होती. तो आमच्या चुलत भावाच्या मुलीचा नवरा, शाळेत मास्तर आहे, पारोळा इथून वीसेक किलोमीटर. त्याला बहुतेक माझाच खडू लागला असता, किंवा माझ्या शेजारचा. लग्न झाल्यापासून ती दोघं या घरात आलेली नाहीत, बोलावलेलंच नाही, आणि त्यांचा मुलगाही आता शाळेत जात असेल.

भाची रविवारी पोरीला आणि ती पेटी घेऊन पारोळ्याला जाणार म्हणतेय. मी पण येते म्हटलंय. जिजीला कुणी सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.