पिठोरी अमावास्या : आपल्याकडचा मातृदिन

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन अमेरिकेतून आला. ॲना जार्विस यांनी 1908 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील ग्राफ्टन येथे आईच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा घडवून आणली, 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्या दिवसाला मान्यता दिली आणि पुढे फुले व शुभेच्छापत्रे यांचा बाजार मांडला गेल्यावर त्याच बाईंनी त्याविरुद्ध कंबर कसली.

महाराष्ट्रात मात्र श्रावणातली अमावास्या मातृदिन म्हणून परंपरेने पाळली जाते. शेतकऱ्यांच्या घरी अनेक ठिकाणी त्याच दिवशी पोळा असल्याने गोठ्यातली धांदलच अधिक दिसते आणि पिठोरीचे व्रत काहीसे झाकले जाते. मुलाबाळांच्या आयुष्यासाठी आई दिवसभर उपवास करते आणि सायंकाळी चौसष्ट योगिनींची पूजा मांडते. त्यानंतर खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून, मागे वळून न पाहता, ती "अतिथी कोण?" असे विचारते, पाठीमागे उभे असलेले मूल "मी आहे" म्हणते आणि वाण काढून घेते.

कहाणीत दरवर्षी याच दिवशी मूल दगावल्यामुळे घराबाहेर काढलेली सून रानात योगिनींच्या याच प्रश्नाला "मी आहे" असे उत्तर देते आणि तिची मुले जिवंत होतात. बालमृत्यू घरोघरी होत असलेल्या काळाची ही कहाणी आहे, असे मला वाटते. गंमत अशी, की आपल्या या मातृदिनी उपवास आईलाच घडतो.