पांढरी चारचं गाणं

माझा स्टुडिओ नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत. हल्ली निम्मं काम कॅसेटी डिजिटल करून द्यायचं. कुणाच्या मुंजीची टेप, कुणाच्या आजोबांचं कीर्तन. त्या मंगळवारी जेजुरीकडचे एक तात्या नातवाबरोबर आले. आयुष्यभर जागरण-गोंधळ केलेला माणूस.

नातवानं आधी फोनच पुढे केला. रील मी लगेच ओळखलं. न ओळखून काय, गेल्या गणपतीत त्याच गाण्यानं माझ्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. हळदीचा मांडव, शिवलेल्या नऊवारीतल्या पोरी, डोळ्यांवर गॉगल, पायांत पांढरे स्नीकर्स. नाव फक्त डीजेचं.

"मॅडम, हा आवाज तात्यांचा आहे. मूळ कॅसेट आहे आपल्याकडे."

कॅसेट १९८९ची, सी-६०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांची. टेप हेडवर दाबून धरणारा फेल्टचा इवला तुकडा गळून पडलेला. टेपची दोन्ही चाकं स्क्रूच्या दुसऱ्या केसमध्ये बसवली, हेडचा स्क्रू पाव आटा फिरवला आणि इतका वेळ गोधडीखाली वाजत असलेली दिमडी एकदम समोर आली. या एका क्षणासाठी मी हा धंदा करते, बाकी सगळी जीएसटीची कटकट.

मात्र गाणं वाजलं काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून. फोनवर ते काळी चार होतं. "स्पीड वाढवलाय, सगळेच वाढवतात," नातू म्हणाला. बरोबरच, पेटीवर दोन पट्ट्या वर म्हणजे वेग बारा टक्के जास्त. चार मिनिटांचं गाणं साडेतीनच्या आसपास उरकतं.

तात्या मान हलवत होते. "ताई, ह्येबी माझं न्हाई. आमची पेटी पांढरी चारला हुती."

म्हातारपणात पट्टी उतरते, तसं काही असेल असं मला वाटलं. डेकवर शंका घ्यायला जागा नव्हती, आदल्याच दिवशी ३,१५० हर्ट्झच्या टेस्ट टेपवर वेग तपासला होता. तरी त्यांच्या समाधानासाठी फाइलचा आलेख उघडला. गाण्यांच्या मधल्या शांततेत विजेची गुणगुण दिसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे एक बारीक रेघ असते. इथे रेघा दोन. एक ५०वर, ती माझ्या डेकची. दुसरी ५३वर.

५३ हर्ट्झची वीज पुण्यात कधी आली नाही, १९८९मध्ये तर नाहीच. म्हणजे मूळ टेपच सहा टक्क्यांनी पळवलेली. काळी तीनमधून सहा टक्के काढले की उरते बरोबर पांढरी चार, पेटीवरची लगेच खालची पट्टी.

तात्यांना सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "आत्ता आठवलं बघा. शेवटचं गाणं साइडीत मावंना. मालक म्हणला, जरा पळवू, कुनाला कळतंय?" तीस मिनिटांच्या साइडवर सहा टक्के म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. कंपनीनं एक गाणं फुकटात बसवलं होतं.

मी वेग उतरवून ऐकवलं. मला वाटलं, आता डोळे भरून येतील. तात्या म्हणाले, "जरा रेंगाळतंय, न्हाई का?"

नातवाला या सगळ्यात रस नव्हता. त्याचा प्रश्न पैशाचा. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर, इनलेवर, गायक म्हणून तात्यांचं नाव होतं, पण गीत-संगीत 'पारंपरिक'. त्या काळी हा शब्द फार सोयीचा होता, परंपरेला मानधन द्यावं लागत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सरसकट लिहून घेता येत नाही, पण तात्यांची सही त्याच्या तेवीस वर्षं आधीची. शिवाय रेकॉर्डिंगवरचा हक्क साठ वर्षांचा, म्हणजे २०४९ संपेपर्यंत. तो कंपनीकडे, आणि कंपनीचं दुकान कधीच उठलंय. वकिलाकडे जा म्हटलं. नाहीतर नव्यानं गा. तुमच्या आवाजात, तुमच्या नावावर.

"मग पांढरी दोनला गावं लागंल आता," तात्या म्हणाले आणि पुढच्या रविवारची वेळ ठरवली.

जाण्याआधी फाइलची माहिती भरत होते. गायक झाला. गीतकाराच्या रकान्यात त्यांचं नाव टाकू लागले, तर त्यांनी हात वर केला.

"पयली दोन कडवी आमच्या गुरूंच्या बी आधीची. फुडली तीन माझी. तसंच लिवा."

रकाना एकच होता. त्यात तेवढं सगळं लिहिलं.