लॅटिनच्या पूर्वजाचे क्रियापद जुळवताना

लॅटिन, फालिस्कन, ऑस्कन, उंब्रियन या प्राचीन इटलीतल्या भाषांच्या समाईक पूर्वजाला आद्य-इटालिक म्हणतात. त्या भाषेतला एकही लेख नाही, त्यामुळे मांडलेल्या प्रत्येक रूपाला तारका (*) लागते, म्हणजे ते रूप तर्काने जुळवलेले. लॅटिनचे साहित्य अफाट, म्हणून तिथूनच सुरुवात करण्याचा मोह होतो. मी आधी ऑस्कन-उंब्रियनची मोजकी रूपे मांडतो, लॅटिन नंतर.

तृतीयपुरुषी एकवचनच घ्या. लॅटिनमध्ये 'फेर्त' (नेतो) आणि 'फेकित' (केले), दोन्हीकडे 'त'च. ऑस्कनमध्ये मात्र वर्तमानाचे 'फामात' आणि भूतकाळाचे 'देदेद' (दिले) वेगळे आहेत. हा 'द' ऑस्कनची लहर म्हणून सोडून द्यावा, तर रोममध्ये 1880 साली सापडलेल्या दुएनोस पात्रावर जुन्या लॅटिनचेच 'फेकेद' (केले) कोरलेले आहे! म्हणजे मूळ प्रत्यय दोन, *-ति आणि *-द. लॅटिनने पुढे दोन्ही एक करून टाकले. आपल्याला संस्कृतातले भरति-अभरत् लगेच आठवते, पण ते मी पडताळ्यासाठी राखून ठेवतो. आधीच हाताशी घेतले की इटालिकमध्ये नसलेलेही दिसू लागते.

अपूर्ण भूतकाळात लॅटिनचे -बा- (फेरेबात, 'नेत असे') आणि ऑस्कनचे 'फुफान्स' (ते होते) जुळतात. शब्दाच्या मध्ये लॅटिन ब, तिकडे फ: लॅटिन तिबी, उंब्रियन तेफे, 'तुला'. म्हणून *-फा- निर्धास्त लिहावे.

चूक होते ती यापुढे. लॅटिन भविष्यकाळातही 'ब' आहे (अमाबो, 'प्रेम करीन'), फालिस्कन पेल्यावर 'कारेफो' (मला मिळणार नाही) आहे. झाले, *-फ- भविष्यकाळ सिद्ध! पण फालिस्कन ही लॅटिनची अगदी जवळची बहीण, तिची साक्ष स्वतंत्र धरता येत नाही. उंब्रियन 'फेरेस्त' (नेईल) आणि ऑस्कन 'देइवास्त' (शपथ घेईल) यांत 'स' आहे. तेव्हा 'फ' लॅटिन-फालिस्कनपुरताच.

पूर्ण भूतकाळ सर्वांत चिवट. पोम्पेईच्या एकाच ऑस्कन शिलालेखात 'देदेद' आणि 'प्रोफात्तेद' (मंजूर केले) शेजारी येतात. पहिल्याला लॅटिन देदित आणि उंब्रियन देदे आहेत, *देदेद उभे राहते. दुसऱ्याचा जोडीदार 'प्रोबावित': धातू तोच, पण इकडे -त्त-, तिकडे -व-. या दोघांना एका तारकेखाली कोंबण्यासाठी ध्वनिनियम शोधत बसू नये. ती जागा कोरी ठेवावी.