बियांचं तेल, सीबीडीचं तेल आणि काकांचा गुडघा

हेम्प सीड ऑइल (गांजाच्या झाडाच्या बियांचं तेल) आणि सीबीडी ऑइल (त्याच झाडातलं सीबीडी नावाचं द्रव्य असलेलं तेल) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे काउंटरवर सांगून सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक पाठवून मोकळा. सांगलीत मेडिकल चालवतो, त्यामुळं व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत्येक जादूची बाटली आधी आमच्याकडं चौकशीला येतेच.

तर बियांचं तेल. गांजाच्या झाडातली जी कॅनाबिनॉइड म्हणतात ती द्रव्यं तयार होतात मादी झाडाच्या फुलांवर आणि फुलांजवळच्या पानांवर जे बारीक चिकट केस असतात त्यांच्यात. बी मध्ये ती नसतातच म्हणा, बाहेरून चिकटलेली थोडीफार आली तर तेवढीच. बियांच्या तेलात ओमेगा-३, ओमेगा-६ वगैरे चांगली फॅट असते, २०२१ मध्ये अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी एफएसएसएआयनं ते खाण्याचा पदार्थ म्हणून मान्य पण केलंय. कोशिंबिरीवर घाला, खा, काही हरकत नाही. पण त्यानं गुडघा चोळला तर जो आराम पडतो तो चोळण्याचा, तेवढा तिळाच्या तेलानं पण पडतो आणि ते कितीतरी स्वस्त.

आता खरी केमिस्ट्री, जी मला कॉलेजात असल्यापासून आवडते. झाडात शंभरच्या वर कॅनाबिनॉइड सापडलेत पण चर्चा दोघांचीच, टीएचसी आणि सीबीडी. दोघांचा फॉर्म्युला सेम टू सेम, २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. फरक एवढाच की टीएचसीत ऑक्सिजन असलेलं एक रिंग बंद आहे आणि सीबीडीत ते उघडं. काष्टा सोडला की तेच धोतर लुंगी होतं ना, तसलाच प्रकार. पण एवढ्यानं काय होतं बघा, टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर द्रव्य बसायची जी जागा असते तिथं, बरोबर बसतं आणि माणूस हवेत जातो, सीबीडी तिथं धड बसतच नाही म्हणून त्याची नशा नाही. टीएचसी शुद्ध स्वरूपात काढून त्याची रचना मांडली ती इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी, १९६४ ला. मग सीबी-१ सापडला आणि लोकांना प्रश्न पडला की आपल्या मेंदूत गांजासाठी जागा कशाला असेल? उत्तर १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच टीमकडून आलं, शरीर स्वतःच तसलं द्रव्य बनवतं, आनंदामाइड. दुखणं, भूक, झोप, मूड सगळ्यात त्याचा हात असतो, म्हणूनच हे एकच औषध पन्नास रोगांवर चालतं असं सांगायला विक्रेत्यांना सोपं जातं.

अजून एक गंमत. आपल्याकडं उसाच्या फडात गांजाची झाडं सापडल्याची बातमी अधूनमधून येतेच, पण त्या हिरव्या झाडात टीएचसी फारसं नसतंच, असतं ते टीएचसीए नावाचं आम्ल, ज्यानं नशा होत नाही. उष्णता मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग टीएचसी तयार होतं, चिलमीत हेच होतं. आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, फॅटमध्ये विरघळतं, भांग दुधात का घोटतात याचं कारण हेच. खाल्लं तर लिव्हर त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं जे अजून जोरात चढतं, आणि चढायला तास-दीड तास लागू शकतो. त्यामुळं होळीला "काहीच झालं नाही राव" म्हणून दुसरा ग्लास मारणारे नंतर कसे गार पडतात ते सगळ्यांनी बघितलंय. शरीरातल्या चरबीत साठतं म्हणून रोज घेणाऱ्याच्या लघवीत आठवडेच्या आठवडे सापडतं ते वेगळंच.

बरं, औषध म्हणून काही आहे का? आहे की. शुद्ध सीबीडीचं एपिडायोलेक्स हे औषध अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालं, लहान मुलांच्या ड्रॅवेट आणि लेनॉक्स-गॅस्टो या हट्टी फिट्सच्या आजारांवर. केमोच्या उलट्यांवर ड्रोनॅबिनॉल, म्हणजे कारखान्यात बनवलेलं टीएचसी, ते तर १९८५ पासून आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जातंतूंच्या आजारात स्नायू ताठतात त्यावर टीएचसी-सीबीडीचा तोंडात मारायचा स्प्रे काही देशांत मिळतो. पण डोस बघा. एपिडायोलेक्स त्या मुलांना दिवसाला किलोमागं २० मिलिग्रॅमपर्यंत जातं, म्हणजे वीस किलोच्या पोराला रोज ४००. समजा तुमच्या बाटलीत सगळं मिळून १००० मिलिग्रॅम सीबीडी आहे, तर ती अडीच दिवसात संपली! आणि लोक रात्री जिभेखाली चार थेंब टाकून म्हणतात फरक पडला. पडला असेल, मी कुठं नाही म्हणतोय.

परवा एक काका मोबाईलवरची सीबीडी तेलाची बाटली दाखवत, "हे बघ, गुडघ्याला चालतंय म्हणत्यात, मागवू का?" जुनाट दुखण्यावर थोडा उपयोग दिसतो असे अभ्यास आहेत, पण तो फायदा बेताचाच, आणि दुखण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आयएएसपीनं, २०२१ मध्ये सरसकट वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला. यानं कॅन्सर बरा होतो म्हणणारे मेसेज तर लगेच डिलीट करा. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणजे पेशंट बरा होत नसतो, आणि त्या नादात इथं मिरजेत हाकेच्या अंतरावर असलेली ट्रीटमेंट सोडणारे भेटले की डोकंच फिरतं.

आणि "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य ऐकलं की मला खोकलाच येतो. विजया म्हणून भांग आयुर्वेदात आहे हे खरं, पण ड्रग्ज ॲन्ड कॉस्मेटिक्स नियमांत विषारी द्रव्यांची जी यादी आहे, शेड्यूल ई-१, त्यात पण तीच आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. घरात कुणाला सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होण्याच्या मानसिक आजाराचा, त्रास असेल तर कोवळ्या वयात टीएचसीच्या जवळपास पण जाऊ नये. कायद्याचं म्हणाल तर १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यामध्ये शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बिया गांजात मोजत नाहीत, पण महाराष्ट्रात भांगेला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळं दुसऱ्या राज्यात दुकानात मिळते म्हणून इथं पण चालते असं नाही.

काकांना मी एवढंच विचारलं, सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? तर निघालं वॉरफेरिन, रक्त पातळ ठेवायची गोळी, हार्टची झडप बदललेली. सीबीडी लिव्हरमधली जी एन्झाइम अडवतं त्यातलीच काही वॉरफेरिन मोडत असतात, ती अडली की रक्त जास्तच पातळ होतं आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या टेस्टचा आकडा, वर जातो. फिट्सच्या क्लोबाझामचं पण तसंच, त्याची पातळी वाढून माणूस झोपाळतो, आणि फिट्सच्याच व्हॅलप्रोएटबरोबर लिव्हरच्या टेस्ट बिघडू शकतात. काकांना म्हटलं, आधी तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर मी स्वतः मागवून देतो. ते म्हणाले, "डॉक्टरला कशाला सांगायचं, तो ओरडतोय की."