हाफकिन, प्लेग आणि साजूक तूप

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटसमोरून रोज कितीतरी लोक जातात, पण हा हाफकिन कोण विचारलं तर बहुतेक जण गूगल उघडतील. वाल्डेमार हाफकिन, मूळचा ओडेसाचा, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला माणूस, १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत आला तेव्हा इथे प्लेगने हाहाकार माजवला होता, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवायला त्याला मिळालं काय तर एक खोली, व्हरांडा, एक क्लार्क आणि तीन शिपाई. बास!

मला सगळ्यात भारी वाटतं ते तूप. हो, आपलं साजूक तूप! जंतू वाढवायच्या ब्रॉथवर (म्हणजे पातळ सूपवर) तो तुपाचे थेंब सोडायचा, जंतू त्यांना धरून खाली लोंबत लोंबत वाढायचे, बाटली हलवली की गळून तळाशी, मग परत नवे, आणि भरपूर साठले की गरम करून सगळे मारायचे, झाली लस तयार. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली पठ्ठ्याने, तीही चांगल्या मोठ्या डोसची. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी (त्यांना 'नाही' म्हणायची कितपत सोय होती देव जाणे).

पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवालला लस घेतलेले १९ जण टिटॅनसने गेले, सगळे एकाच बाटलीतले. खापर हाफकिनवर फुटलं, नोकरीतून बाजूला केलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या लॅबला त्याचं नाव मिळालं ते तर १९२५ मध्ये.